बाहुलीतून दिसणारा पडदा

डोळे तपासून आलो असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा फक्त चष्म्याचा नंबर काढून आलेलो असतो. तक्त्यावरची शेवटची ओळ वाचता आली की माणूस निर्धास्त होतो. काचबिंदू मात्र आधी कडेची नजर खातो आणि मधली बरेच दिवस शाबूत ठेवतो. मधुमेहानं पडदा बिघडू लागतो तेव्हाही दुखत नाही, खुपत नाही. म्हणून बाहुलीतून आत डोकवावंच लागतं.

हे डोकावणं शिकवणारी देशातली एक मोठी शाळा म्हणजे दिल्लीच्या एम्समधलं डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्र. स्थापना १० मार्च १९६७ची. पहिल्या राष्ट्रपतींचं नाव असलेल्या या केंद्राला सगळे ‘आर. पी. सेंटर’च म्हणतात. १९७६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाची शिखर संस्थाही हीच.

तपासणीआधी बाहुली मोठी करणारे थेंब टाकतात. मग डोळे मिटून वीस-पंचवीस मिनिटं बाकावर बसायचं. आपल्याकडच्या गडद बुबुळांना वेळ जरा जास्तच लागतो, कधी थेंब पुन्हा टाकावे लागतात. नंतर काही तास जवळचं धूसर दिसतं आणि दिल्लीचं ऊन सोसवत नाही. सोबत कुणाला तरी न्यावं, गाडी स्वतः चालवू नये. एवढ्या गैरसोयीपायी लोक ही तपासणी टाळतात, याची मला खरोखर हळहळ वाटते.

पुढचं काम अंधाऱ्या खोलीत. डॉक्टरांच्या डोक्याला दिवा बांधलेला, हातात वीस डायॉप्टरचं भिंग, रुग्णाच्या डोळ्यापासून साधारण पाच सेंटीमीटरवर धरलेलं. आधी बाहुलीत नारिंगी झळाळी उमटते. भिंग हळूच मागे घेतलं की ती पसरत जाते आणि भिंगभर पडदा दिसू लागतो. ‘ऊपर देखिए, अब दाएँ’ अशा सूचना चालू असतात. प्रतिमा मात्र पूर्ण उलटी: वरचं खाली, डावीकडचं उजवीकडे. शिकणारे डॉक्टर यावर जुनी युक्ती वापरतात. आडव्या झोपलेल्या रुग्णाच्या छातीवर कागद उलटा ठेवायचा आणि दिसेल तसं काढत जायचं. कागद सरळ केला की चित्र आपोआप बरोबर येतं. जागेवर असलेला पडदा लाल, सुटलेला निळा, असे रंगही ठरलेले. आता कॅमेरे उत्तम फोटो काढतात, तरी हातानं चित्र काढणाऱ्याला कोपऱ्यातलं छोटं छिद्र शोधावंच लागतं, म्हणून ही सवय सुटू नये असं माझं मत आहे.

पडद्यावर काय काय वाचता येतं! मेंदूकडे जाणाऱ्या नसेचं तोंड गुलाबीसर चकतीसारखं दिसतं. तिच्या मधला खळगा रुंदावत गेला, किंवा दोन डोळ्यांतल्या खळग्यांत फरक असला, की काचबिंदूचा संशय येतो, डोळ्याचा दाब नॉर्मल असला तरीही. मधुमेहात बारीक लाल ठिपके, पिवळे साके आणि पुढे सहज फुटणाऱ्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या. नसेचं तोंड सुजलेलं दिसलं तर मेंदूतला दाब वाढल्याची शंका घ्यावी लागते. चिरा न देता जिवंत रक्तवाहिन्या उघड दिसतात त्या इथेच. हेल्महोल्ट्झनं १८५१ मध्ये आपलं नेत्रदर्शक यंत्र जगापुढे मांडलं, तोवर हे सगळं डॉक्टरांनाही अदृश्य होतं.

आर. पी. सेंटरनं २०१५ ते २०१९ या काळात केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या मधुमेहींपैकी १६.९ टक्के लोकांच्या पडद्यावर मधुमेहाच्या खुणा सापडल्या. मधुमेहाचं निदान झालं की दरवर्षी पडदा दाखवायला हवा, तो यासाठी.

सगळ्यात घाई असते ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांची. ३४ आठवड्यांच्या आत किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलेलं बाळ असेल, तर त्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ अर्धवट राहिलेली असू शकते आणि पुढे ती भरकटते. पहिली तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी. फारच लहान बाळांची त्याहून आधी. लेझरची गरज दिसली तर ते दोन-तीन दिवसांत करावं लागतं. बाळाचं वजन वाढू लागतं, घरी सोडतात आणि त्या आनंदात डोळ्यांची तारीख राहून जाते. ती डिस्चार्जच्या कागदावरच लिहून घ्यावी.