एक शादलू, चार संघ

जत्रेतल्या कबड्डी स्पर्धा जवळ आल्या की किल्लारी, औसा, निलंगा या पट्ट्यातल्या मंडळांत एका गोष्टीवरून वाद होतोच. बाहेरगावचा नावाजलेला चढाईपटू आणायचा का? आणला तर वर्गणीतला मोठा वाटा त्याच्यावर जातो आणि वर्षभर मैदानावर घाम गाळणारी गावातली दोन-तीन पोरं राखीव म्हणून बसतात. न आणावा, तर पहिल्याच फेरीत घरी यायची भीती. अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांचे मालक आणि आपल्याकडे प्रो कबड्डीचे संघमालक दरवर्षी याच प्रश्नाशी झगडतात. तिथे आकडे आणि निकाल नोंदलेले असतात, म्हणून उत्तर तिथेच शोधू.

आधी व्यवहार कसा चालतो ते पाहू. बास्केटबॉलच्या एनबीएमध्ये दोन संघ आपापसात थेट खेळाडूंची अदलाबदल करतात. तीन तरुण द्यायचे, एक तारा घ्यायचा, आणि कमी पडलं तर पुढच्या वर्षांतल्या नवोदित खेळाडूंच्या निवडीतले आपले हक्कही द्यायचे. प्रो कबड्डीत सगळा खेळ लिलावाचा. प्रत्येक संघाला खर्चाची मर्यादा ठरलेली आहे, 2023 च्या लिलावापासून 5 कोटी रुपये. जे खेळाडू संघ राखून ठेवतो त्यांचं मानधन त्यातूनच वजा होतं. उरलेल्या पैशांत लिलावात बोली लावायची. तिथे चार गट असतात. अ गटातल्या खेळाडूची पायाभूत किंमत 30 लाख, ब गटाची 20, क गटाची 13 आणि ड गटाची 9 लाख. म्हणजे कबड्डीत पोरं थेट कुणाला ‘देत’ नाहीत. त्यांना मोकळं करायचं, पैसे वाचवायचे आणि त्या पैशांत तारा घ्यायचा. वाट वेगळी, पण सौदा तोच.

यातला हिशोब नीट समजून घ्यावा. ताऱ्यावर अडीच कोटी घातले, तर उरलेल्या अडीच कोटींत किमान सतरा खेळाडू बसवावे लागतात, कारण संघ निदान अठरांचा लागतो. हे जमायचं असेल, तर ठरलेल्या कमी मानधनावर खेळणारे चांगले तरुण हाताशी हवेत. आणि नेमके तेच तरुण ताऱ्यासाठी सोडून दिले असतील, तर संघात एक मोठं नाव आणि बाकी भरती उरते.

आता उदाहरण. इराणचा मोहम्मदरझा शादलू हा डावा कोपरारक्षक. चार संघांकडून तो खेळला, त्यामुळे तारा तोच ठेवून संघ बदलला तर काय होतं, हे त्याच्यावरून जवळजवळ प्रयोगासारखं तपासता येतं.

2022 च्या नवव्या हंगामात तो पाटणा पायरेट्सकडे होता. पाटणा बाद फेरीत पोचलं नाही. त्याच हंगामात पुणेरी पलटण अंतिम फेरीत पोचली आणि मुंबईत जयपूरकडून 33-29 अशी हरली. पलटणची ताकद तरुणांत होती. श्रीरामपूर तालुक्यातल्या टाकळीभानचा अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते आणि नाशिकचा आकाश शिंदे. डाव्या कोपऱ्यात फझल अत्राचली हा इराणचाच अनुभवी कर्णधार होता, त्याला 1 कोटी 38 लाखांना घेतलं होतं. पुढच्या लिलावाआधी पलटणने फझलला मोकळं केलं, तरुणांना राखलं आणि त्याच कोपऱ्यासाठी वयाने बराच लहान असलेला शादलू 2 कोटी 35 लाखांना घेतला. अस्लम कर्णधार झाला. साखळीत पलटण पहिली आली आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सला 28-25 असं हरवून पहिल्यांदा विजेती ठरली. हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला अस्लम. अंतिम सामन्यात चढाईचे सर्वाधिक गुण मिळवले ते पंकज मोहितेने. तारा आणला, पण चढाई घरच्या पोरांनीच ओढली.

पुढच्या वर्षी पलटणने शादलूला मोकळं केलं. त्याला 2 कोटी 7 लाखांना घेतलं हरियाणाने, म्हणजे नुकत्याच अंतिम सामना हरलेल्या, शिवम पटारेसारखे तरुण चढाईपटू असलेल्या संघाने. 29 डिसेंबर 2024 रोजी बालेवाडीत हरियाणाने पाटण्याला 32-23 असं हरवलं आणि तेही पहिल्यांदाच विजेते झाले. त्यानंतर 2025 मध्ये तोच शादलू 2 कोटी 23 लाखांना गुजरात जायंट्सकडे गेला. गुजरातचा आधीचा हंगाम तळाच्या भागात संपला होता. शादलू आला, तरी पहिल्या आठांत त्यांना जागा मिळाली नाही.

असं का होतं, ते मैदानावरच कळतं. डावा कोपरारक्षक चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो. शादलूचा हात वेगाने जातो आणि पुष्कळदा तो वाट न बघता आधीच झेप घेतो. घोटा हातात आला, तरी एकट्याने तो फार वेळ धरून ठेवता येत नाही. चढाईपटू मध्यरेषेकडे अंग टाकतो. त्या क्षणी शेजारच्या मध्यरक्षकाने कमरेत किंवा मांडीत घुसून त्याला थांबवलं, तर गुण आपला. तो अर्धं पाऊल मागे राहिला, तर चढाईपटूला स्पर्शाचा गुण आणि आपला सगळ्यात महाग खेळाडू बाहेर. पलटणकडे मध्यरक्षणाला संकेत सावंत आणि अबिनेश नटराजन होते, समोरच्या कोपऱ्यात गौरव खत्री. ही जोडणी एकत्र सराव करून तयार होते, लिलावात विकत मिळत नाही. शिवाय तारा बाहेर बसला की त्याला आत आणायला समोरचे खेळाडू बाद करावे लागतात आणि ते गुण मुख्यतः चढाईत मिळतात. ते मिळवणारी पोरंच सोडून दिली असतील, तर सव्वादोन कोटींचा माणूस बाकावर बसून लोण चढताना बघतो.

चढाईपटू पवन सेहरावतची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. 2022 मध्ये तमिळ थलायवाजने त्याला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि हंगाम संपला. संघ बुडेल असंच सगळ्यांना वाटलं. पण नरेंदर, सागर, अजिंक्य पवार या मंडळींनी तो पहिल्यांदाच बाद फेरीत, तिथून उपांत्य फेरीत नेला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने पवनसाठी 2 कोटी 60 लाख 50 हजार मोजले, म्हणजे मर्यादेतला निम्म्याहून जास्त पैसा. पवन चांगला खेळला. टायटन्स मात्र 22 पैकी 2 सामने जिंकून शेवटी राहिले.

बास्केटबॉलमध्ये पाचच खेळाडू मैदानावर असतात, त्यामुळे एका ताऱ्याचं वजन कबड्डीपेक्षा जास्त पडतं. तरीही तिथला अनुभव फार निराळा नाही. 2013 मध्ये ब्रुकलिन नेट्सने पस्तिशी ओलांडलेल्या केव्हिन गार्नेट आणि पॉल पीअर्ससाठी आपले पुढचे निवडीचे हक्क बोस्टनला दिले. त्या हक्कांतूनच बोस्टनच्या हाती जेलन ब्राउन आणि जेसन टेटम आले आणि 2024 मध्ये बोस्टनने विजेतेपद पटकावलं. 2019 मध्ये क्लिपर्सने पॉल जॉर्जसाठी शे गिलजस-अलेक्झांडर हा तरुण आणि निवडीचे हक्क ओक्लाहोमाला देऊन टाकले. तो तरुण 2025 मध्ये स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू झाला आणि ओक्लाहोमा विजेता. क्लिपर्स अजून एकदाही जिंकलेले नाहीत.

याच्या विरुद्ध बाजूचं उदाहरणही मांडायला हवं. त्याच 2019 मध्ये लेकर्सने ब्रँडन इंग्रम, लोंझो बॉल आणि जॉश हार्ट हे तिघे तरुण देऊन अँथनी डेव्हिस आणला आणि 2020 मध्ये विजेतेपद मिळवलं. आधीच्या हंगामात लेकर्स बाद फेरीतही नव्हते, म्हणजे वरवर पाहता धडपडणाराच संघ. पण त्यांच्याकडे लेब्रॉन जेम्स होता, आणि त्याचं वय पस्तिशीकडे झुकलेलं होतं. पोरं मोठी होईपर्यंत थांबायला त्यांना वेळ नव्हता. संघाचा कणा तयार आहे आणि वेळ निघून चालली आहे, अशा वेळी सौदा रास्त ठरतो. धडपडणाऱ्या बहुतेक संघांकडे वेळ असतो आणि कणा नसतो. ते नेमकं उलटं करून बसतात.

तारा सोडल्याची किंमतही असतेच. शादलू गेल्यावर अकराव्या हंगामात पलटण आठवी आली. अस्लमच्या दुखापतीचा त्यात मोठा हात होता. मात्र त्यांनी घाबरून तरुणांचा गट मोडला नाही. 2025 मध्ये अस्लम, पंकज, गौरव, अबिनेश आणि आदित्य शिंदे यांच्या बळावर संघ पुन्हा अंतिम फेरीत होता. दिल्लीकडून 31-28 असा हरला आणि दिल्लीच्या बचावात उभा होता तोच जुना फझल. पलटणने चार हंगामांत तीन अंतिम सामने खेळले, त्यांतला एक शादलूसह आणि दोन त्याच्याशिवाय. तिन्ही वेळा समान होता तो घरी घडवलेला गट.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. हरणाऱ्या संघाने पोरं देऊन तारा घेऊ नये. अंतिम फेरीपर्यंत पोचणाऱ्या संघाने एक जागा खरोखर कमी पडत असेल, तर त्या जागेपुरता, वय बघून आणि पोरं राखून तारा जरूर घ्यावा. किल्लारी भागातल्या मंडळांना एवढीच विनंती: यंदा बाहेरच्या चढाईपटूला बोलावण्याआधी गेल्या वर्षीच्या सामन्यांचे गुणपत्रक काढून बघा. गुण चढाईत कमी पडले की पकडीत, ते आधी मोजा. पकडीत गेले असतील, तर ती वर्गणी चांगल्या मॅटला आणि शिकवणाऱ्याला द्या, आणि मैदानात आपलीच पोरं उतरवा.