सुरैयाच्या शेजारचे तान्हे तारे

सुरैया हे नाव आपल्याकडे घरोघर आहे. आकाशातली सुरैया म्हणजे कृत्तिका. तिच्या मागोमाग चालणाऱ्या तांबूस रोहिणीला अरबीत अल-दबरान, म्हणजे मागून येणारी, म्हणतात. आज सारे जग तिला अल्डेबरान याच नावाने ओळखते. सन 964 च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी यांनी ताऱ्यांवर ग्रंथ लिहिला, त्यातही ही नक्षत्रे आहेत. डिसेंबरात इशाची नमाज झाल्यावर रेवसच्या जेट्टीवर उभे राहून पाहा. उत्तरेला मुंबईचा झगमगाट असतो, पण पूर्वेला वर या दोघी सहज सापडतात.

याच वृषभ राशीत ‘टी टॉरी’ नावाचा तारा आहे. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. जॉन रसेल हिंड यांनी तो 1852 मध्ये दुर्बिणीतून हेरला आणि पुढे अशा तरुण ताऱ्यांच्या साऱ्या जातीला त्याचेच नाव पडले. त्यांचे वय काही लाखांपासून सुमारे एक कोटी वर्षांपर्यंत. आपला सूर्य साडेचार अब्ज वर्षांचा. त्याच्यापुढे हे तान्हेच.

तारा वायू आणि धुळीच्या ढगातून जन्मतो. उरलेला वायू आणि धूळ त्याच्याभोवती चकतीसारखी फिरत राहते. ग्रह घडतात ते याच चकतीत. ही चकती थंड असते, मग अशा ताऱ्यांकडून क्ष-किरण येतात कसे? कारणे दोन. तरुण ताऱ्याचे चुंबकत्व फार जोरकस असते, त्यामुळे त्याच्यावर प्रचंड भडके उडतात. दुसरे असे की चकतीच्या आतल्या कडेचा वायू चुंबकीय वाटांनी ताऱ्यावर कोसळतो, सेकंदाला काहीशे किलोमीटर वेगाने. आपटताच तो लाखो अंश तापतो आणि त्यातून सौम्य क्ष-किरण निघतात.

हे किरण आपल्या हवेतून खाली पोहोचत नाहीत. ही अल्लाहची मेहेरबानीच, नाहीतर आपण कुठले राहिलो असतो! पण अभ्यासकाला त्यासाठी उपग्रह लागतो. लाहोरला जन्मलेल्या सुब्रह्मण्यम चंद्रशेखर यांच्या नावाची ‘चंद्रा’ दुर्बीण 1999 मध्ये अवकाशात गेली. 2003 मध्ये तिने मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाकडे जवळजवळ दहा दिवसांइतका वेळ टक लावून पाहिले आणि तिथे चौदाशेहून जास्त तरुण तारे क्ष-किरणांत दिसले. त्यांचे भडके आजच्या सूर्याच्या भडक्यांपेक्षा कितीतरी मोठे होते. आपला सूर्यही लहानपणी असाच तापट असणार.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ. रेवसची लाँच ज्या मुंबईला लागते, तिच्या दक्षिण टोकाला कुलाब्यात टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. भारताचा ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून उडाला. त्यावरची सौम्य क्ष-किरणांची दुर्बीण याच संस्थेत घडली. क्ष-किरण आरशावर सरळ पडले तर परत फिरत नाहीत, म्हणून सोन्याचा मुलामा दिलेले पातळ पत्रे त्यांच्यापुढे जवळजवळ आडवे धरावे लागतात. चपटा दगड पाण्यावर आडवा फेकला की टप्पे घेत जातो, सरळ टाकला की बुडतो. जेट्टीवरच्या पोरांना हे कुणी शिकवावे लागत नाही.

या उपग्रहाची माहिती 2018 पासून अभ्यासासाठी खुली आहे. पदार्थविज्ञान, गणित आणि संगणकावर हात बसला की घरबसल्या तिच्यावर काम करता येते. मुलीला बाहेरगावी कशी पाठवू, असे पालक आम्हाला विचारतात. त्यांनी निदान एवढे लक्षात घ्यावे, की या विषयाची सुरुवात घरातल्या टेबलावरही होते.

प्रश्नही पुष्कळ शिल्लक आहेत. क्ष-किरण चकतीतला वायू हळूहळू उडवून लावतात. मग ग्रह घडायला अवधी किती उरतो? सुमारे दोनशे प्रकाशवर्षांवरच्या ‘टीडब्ल्यू हायड्री’ ताऱ्याचे वय एक कोटी वर्षांच्या आसपास आहे. वायू कोसळण्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांचा हा सर्वांत गाजलेला तारा. एवढ्या वयात बहुतेकांची चकती संपलेली असते, याची अजून टिकून आहे. 2016 मध्ये चिलीतल्या ‘आल्मा’ दुर्बिणींना तिच्यात कडी आणि फटी दिसल्या. त्यातली एक फट ताऱ्यापासून जवळपास तेवढ्याच अंतरावर आहे, जेवढी आपली पृथ्वी सूर्यापासून.