डबीत काय आहे?

2020 मध्ये ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातून ‘फेअर’ गेलं. पिंपरी-चाकणच्या आपल्या वस्त्यांत मात्र पोरीचं लग्न ठरलं की गोरं करणारं क्रीम अजून येतंच. जास्त भीती पार्लरातल्या बिनलेबलच्या डबीची. आठवड्यात रंग उजळला तर शंका घ्यावी. पारा कातडीचा रंग बनू देत नाही, पण कातडीतून मूत्रपिंडात जातो. अकोल्यात असं क्रीम लावून मायलेकी तिघींची मूत्रपिंडं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये तपासलं तर क्रीममध्ये पारा निघाला.

मेडिकलमधल्या ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन लिहिलं असेल तर ते स्टेरॉइड. महिनोन्महिने लावून एकदम सोडलं की चेहरा भडकतो. डॉक्टरांना विचारूनच सोडा. पायाला सूज, लघवीला फेस दिसला तर डबीसकट वायसीएम गाठा.