वीस मिनिटांत बुद्धिबळ सुधारतं, पण मिनिटाभराचे डाव सोडा

नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तेव्हापासून आमच्याकडं पारावर मोबाईलवरचं बुद्धिबळ जास्तच दिसतं. लेकरं भराभर शिकतात. अडकतो तो चाळिशीतला माणूस. दिवसभर रान, जनावरं, रात्री लाईट आली की मोटार. हाती उरतात जेमतेम वीस मिनिटं, तीही एकेक मिनिटाच्या डावात जातात.

आधी नियमाचं बघा. म्हाताऱ्यांकडून देशी डाव शिकलेल्यांना मोबाईलवर हमखास धक्का बसतो. देशी डावात प्यादं एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्याची उडी मिळायची. इथं प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं आणि राजाला उडीऐवजी हत्तीसोबत किल्लेकोट करता येतो. दोन घरं चालून आपल्या प्याद्याशेजारी आलेलं प्यादं लगेचच्या चालीत तिरकं जाऊन मारता येतं. पुष्कळांना वाटतं ॲपच बिघडलं.

वीसपैकी दहा मिनिटं कोडी सोडवा. लिचेस हे ॲप फुकट आहे, जाहिरातीही नाहीत. बोट लावायची घाई नको. समोरचा काय उत्तर देईल ते मनात बघा, मग चाल करा. रोज पाच झाली तरी बास. नवखा माणूस मोठ्या डावपेचानं हरत नाही, वजीर-हत्ती फुकट देऊन हरतो.

डाव आठवड्यातून दोनच, पण पंधरा मिनिटांचे. हरलेला डाव लगेच बंद करू नका. मी वर्षभर मिनिटाचे डाव खेळलो, तरी नववीतला पुतण्या हरवायचाच. डाव मागं नेऊन पाहिले तर दरवेळी तेच, घोड्याच्या दुहेरी माऱ्यात वजीर गेलेला. चूक आधी स्वतः शोधा, मग ॲपच्या विश्लेषणाशी ताडून बघा.

आणि राजा-प्यादं विरुद्ध नुसता राजा, एवढा शेवट शिकाच. प्यादं रेटू नका, आधी राजा त्याच्या पुढं न्या. राजा सहाव्या ओळीत, प्यादं त्याच्या मागच्याच घरात असेल, तर चाल कुणाचीही असो, वजीर होतोच. फक्त अगदी कडेचं प्यादं असेल तर समोरचा राजा कोपऱ्यात जाऊन बसतो आणि डाव बरोबरीत सुटतो. परवा पुतण्याशी जिंकत आलेला डाव मी असाच घालवला.