ट्रकची केबिन उतरवताना

रस्त्यावरून जाणाऱ्या मालट्रककडे बाजूने पाहिले, तर चालकाची केबिन आणि मालाचा हौदा यांच्यामध्ये काही बोटांची फट दिसते. दोन्ही भाग एकाच सांगाड्यावर बसवलेले असतात. मग ते एकमेकांना जोडून का टाकत नाहीत? खड्ड्यातून जाणाऱ्या ट्रककडे मागून पाहिले की उत्तर मिळते. केबिन एका बाजूला कलते, तेव्हाच हौदा दुसऱ्या बाजूला कललेला असतो. म्हणजे त्यांच्या खालचा लोखंडी सांगाडा, ज्याला कारागीर ‘चासी’ म्हणतात, तो पिळला गेलेला असतो. फट नसती, तर एका भागाने दुसऱ्याचा पत्रा फाडला असता.

जुन्या ट्रकचा जीर्णोद्धार करणाऱ्याला हे नीट समजलेले असावे लागते. गंज काढायचा, चासीला गेलेले तडे शोधायचे, तर केबिन चासीवरून उचलावीच लागते. ती चुकीच्या पद्धतीने उचलली तर तिचा आकार बिघडतो, आणि पुढे कितीही रंग दिला तरी दारे नीट लागत नाहीत.

चासी पीळ का घेते?

ट्रकची चासी शिडीसारखी असते. दोन लांब दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे, असे तिचे रूप. जुन्या ट्रकांत हे दांडे बहुधा एका बाजूने उघड्या पन्हाळीच्या आकाराचे असत. या उघड्या बाजूचे महत्त्व वर्गात सहज दाखवता येते.

जाड पुठ्ठ्याच्या दोन सारख्या नळ्या घ्या. एक नळी पात्याने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उभी चिरा. आता दोन्ही नळ्या हातांनी पिळून पाहा. अखंड नळी जागची हलत नाही. चिरलेली नळी सहज पिळते आणि चिरेच्या दोन्ही कडा एकमेकींवरून सरकतात. गणिताने पाहता, पातळ गोल नळीसाठी पिळाला होणाऱ्या विरोधांचे गुणोत्तर साधारण ३ × (त्रिज्या ÷ जाडी)² इतके येते. त्रिज्या २० मि.मी. आणि जाडी १ मि.मी. असेल तर हे गुणोत्तर १२०० भरते! वाकण्याला होणारा विरोध मात्र फारसा कमी होत नाही. पन्हाळीच्या दांड्यांची चासी मालाचे ओझे पेलते, पण पीळ घेते, हे यामुळेच. वाट उंचसखल असली तरी चारही चाके जमिनीला टेकून राहायला या पिळाची मदत होते.

केबिनचे काम याच्या उलट आहे. तिच्यात काचा आणि दारे असतात, तिला पीळ सोसत नाही. लवचीक चासी आणि ताठ केबिन यांचा संसार जुळवायचा, तर मध्ये कोणीतरी मध्यस्थ हवा.

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीचा ३१०० हा छोटा ट्रक १९४७ च्या मध्यापासून बाजारात आला. जुने ट्रक दुरुस्त करणाऱ्यांचा तो आवडता आहे. त्याच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर ११६ इंच. या मालिकेतील ट्रकांत केबिन आणि चासी यांच्यामध्ये रबराचे तुकडे असतात, आणि केबिनची मागची बाजू झोक्यासारख्या हलत्या दुव्यांवर, म्हणजे शॅकलवर, टेकते. चासी पिळली की दुवे हलतात आणि केबिनवरचा ताण बराच हलका होतो. हेच मध्यस्थ सोडवून केबिन वेगळी करायची असते.

उचलण्याआधी

प्रथम बॅटरी काढतात. मग बॉनेट, मडगार्ड आणि हौदा उतरवतात. त्यानंतर केबिनला चासीशी बांधणारी प्रत्येक गोष्ट सोडवायची: स्टिअरिंगचा दांडा, क्लच-ब्रेकचे दुवे, अ‍ॅक्सिलरेटरची तार, वेगमापकाची केबल, विजेच्या तारा. प्रत्येकीला चिठ्ठी बांधतात आणि छायाचित्र घेतात. एक तार जरी विसरली, तरी केबिन उचलताना ती तुटते किंवा केबिनला एका बाजूला ओढते.

पेट्रोलची टाकी विसरून चालत नाही. या ट्रकात १९४९ पासून ती केबिनच्या आत, आसनामागे असे. टाकी रिकामी केली तरी आत पेट्रोलची वाफ उरते, आणि हवेत मिसळलेली वाफ पेट्रोलपेक्षाही धोक्याची. म्हणून टाकी बाहेर काढून दूर नेल्याशिवाय ज्योत पेटवायची नाही.

यानंतरची पायरी घाईत सुटते, ती आकार बांधून ठेवण्याची. दाराची चौकट म्हणजे एक चौकोन. चार पट्ट्या स्क्रूने जोडून चौकोन करा आणि कोपऱ्यावर दाबा. तो तिरपा होतो. कर्णावर पाचवी पट्टी बसवा. दोन त्रिकोण तयार होतात आणि आकार हलत नाही. केबिनचा खालचा काठ गंजून पोकळ झालेला असेल, तर चौकटीला आकारात धरून ठेवण्यात चासीचा मोठा हात असतो. म्हणून केबिन चासीवर असतानाच, दारे बरोबर लागत आहेत हे पाहून, चौकटीत लोखंडी आडव्या आणि तिरप्या पट्ट्या पक्क्या करतात. दाराभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवतात.

गंजलेले बोल्ट

आता बोल्ट. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. आट्यांमधल्या अरुंद जागेत तो तयार झाला की नट आणि बोल्ट पाचरीसारखे आवळून धरतो. पान्याला लांब नळी लावली की तरफेचा दांडा वाढतो. १५ सें.मी.ऐवजी ६० सें.मी. दांड्याने तेच बल चौपट परिणाम देते. पण बोल्ट तेवढ्याने तुटूही शकतो. म्हणून आधी पातळ तेल सोडून रात्रभर थांबतात.

तरीही नट हलली नाही तर तिला तापवतात. विद्यार्थ्यांना वाटते, तापलेल्या नटीचे भोक लहान होईल. प्रत्यक्षात भोकही नटीसोबत मोठे होते. १२ मि.मी. व्यासाचे भोक ३०० अंश सेल्सिअसने तापले, तर वाढ १२ × ०.००००१२ × ३०० = ०.०४३ मि.मी. ही वाढ केसाएवढीही नाही, पण गंजाची पकड सोडवायला पुरते. अट एकच: नट तापावी आणि बोल्ट थंड राहावा.

उचलताना

केबिनचे वजन २०० किलो आहे असे समजू. वरच्या एका आकड्यापासून दोन दोर दोन बाजूंना बांधले आणि प्रत्येक दोर आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर प्रत्येक दोरातला ताण १०० नव्हे, तर २०० किलो भरतो. शिवाय सुमारे १७३ किलोचे आडवे बल केबिनला दोन्ही बाजूंनी आत दाबते. कोन ६० अंश केला तर हे आडवे बल ५८ किलोवर येते. वर एक भक्कम आडवी दांडी घालून दोर तिच्या टोकांपासून सरळ खाली सोडले, तर आडवे बल दांडीवर जाते आणि केबिन चेपण्यापासून वाचते.

आकडा गुरुत्वमध्याच्या बरोबर वर यावा लागतो, नाहीतर केबिन उचलताच झुकते. म्हणून आधी ती चासीपासून बोटभर उचलायची, थांबायचे, चारही बाजूंनी पाहायचे, मगच पुढे. टांगलेल्या वजनाखाली कोणी जायचे नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, टेकू म्हणून नव्हे. केबिनखाली लाकडी ठोकळे किंवा पक्के स्टँड हवेत.

केबिन वेगळी झाली की तिच्या टेकण्याच्या जागांवर पातळ लोखंडी चकत्या सापडतात. त्या कचरा समजून टाकायच्या नाहीत. त्या कारखान्यात केबिन समतल करण्यासाठी घातलेल्या असतात. कुठे किती होत्या, हे लिहून ठेवले तरच परत जोडताना दाराभोवतीच्या फटी पूर्वीइतक्या येतात.

आजच्या बहुतेक मोटारींत अशी वेगळी चासी नसते. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० मध्ये पत्र्याचे धडच सगळे ओझे पेलते. ट्रकांत मात्र जुनी पद्धत टिकून आहे, आणि आपल्या एस.टी.नेही दापोडीच्या कार्यशाळेत वर्षानुवर्षे चासीवर बसगाड्यांची धडे बांधली आहेत. शाळेजवळ ट्रकचे गॅरेज असेल तर विद्यार्थ्यांना जरूर न्यावे. हौदा आणि चासी यांच्यामध्ये लाकडाची पट्टी का घालतात, हे त्यांना आधी स्वतःच शोधू द्यावे. मग मिस्त्रींना विचारावे.