नाकाच्या सौंदर्यशस्त्रक्रियेतील धोके व दुष्परिणाम

नाकाची सौंदर्यशस्त्रक्रिया किंवा ऱ्हायनोप्लास्टी म्हणजे केवळ रूप बदलण्याच्या हेतूने नाकाचे हाड, कूर्चा व त्वचा यांची केलेली पुनर्रचना होय. नाक घडवण्याची विद्या भारतात प्राचीन आहे. कापलेले नाक पुन्हा तयार करण्याचा विधी सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. पुणे परिसरात झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेची हकीकत १७९४ साली लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि युरोपातील शल्यविशारदांचे लक्ष या विद्येकडे वेधले गेले. त्या रुग्णांनी नाक आधीच गमावलेले असे. सौंदर्यशस्त्रक्रियेत मात्र निरोगी नाक शस्त्राखाली जाते. त्यामुळे तिच्यातील लहानशा धोक्यालाही वेगळे वजन येते.

तात्पुरते परिणाम

शस्त्रक्रियेनंतर नाक सुजणे, चोंदणे आणि डोळ्यांखाली काळे-निळे डाग पडणे हे जवळजवळ अपेक्षितच असते. डाग साधारण दोन आठवड्यांत जातात. बरीचशी सूज काही आठवड्यांत उतरते, परंतु नाकाच्या शेंड्याची सूज पूर्ण ओसरण्यास वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. जाड त्वचेच्या व्यक्तींत हा काळ आणखी लांबतो. नाकाचा शेंडा व वरचे पुढचे दात काही महिने बधिर राहू शकतात. वासाची जाणीवही काही काळ मंदावते.

रक्तस्राव व जंतुसंसर्ग

पहिल्या दोन दिवसांत, तसेच आतील खपल्या सुटू लागतात तेव्हा घोळणा फुटण्याचा संभव असतो. अ‍ॅस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे हा धोका वाढवतात. मात्र हृदयविकारासाठी ती चालू असल्यास परस्पर बंद करू नयेत.

नाकाच्या पडद्यात रक्त साचणे ही अधिक गंभीर बाब आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण तिच्यावरील आवरणातून होते. या दोहोंमध्ये रक्त साचले की पोषण तुटते, आणि ते वेळीच न काढल्यास काही दिवसांतच कूर्चा मरून नाक खोगिरासारखे खाली बसते. वाढत जाणारी वेदना आणि एकाएकी दोन्ही नाकपुड्या बंद होणे ही याची लक्षणे असून, अशा वेळी पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

जंतुसंसर्ग क्वचित होतो. मधुमेह आटोक्यात नसल्यास त्याची शक्यता वाढते. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरण्यास विलंब होतो. धूम्रपान सोडलेली व्यक्ती मिश्री लावत असेल, तर हा धोका टळत नाही.

श्वसनावरील परिणाम

चाफेकळी नाकाचे कौतुक मराठी समाजाला जुने आहे, पण नाक हा प्रथम श्वासाचा मार्ग आहे. नाकपुडीच्या आत थोड्या अंतरावर हा मार्ग सर्वांत अरुंद असतो. दांड्यावरील उंचवटा तासताना तेथील कूर्चांचा आधार सुटल्यास त्या आत झुकतात आणि श्वास अडतो. दिसायला सुबक झालेल्या नाकातून श्वास घेणे कठीण व्हावे, हा या शस्त्रक्रियेचा सर्वांत खेदजनक दुष्परिणाम म्हणता येईल. तो टाळण्यासाठी पडद्याच्या दोन्ही बाजूंना कूर्चेच्या पट्ट्या बसवण्याची पद्धत अमेरिकी शल्यविशारद जॅक शीन यांनी १९८४ साली मांडली. पडद्याला भोक पडल्यास श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येतो व आत वारंवार खपल्या धरतात.

असमाधान व पुनर्शस्त्रक्रिया

नाक किंचित वाकडे राहणे, शेंड्याच्या वरचा भाग फुगून पोपटाच्या चोचीसारखा आकार येणे, व्रण जाड होणे अशा कारणांनी काहींना दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. हे प्रमाण सामान्यतः ५ ते १५ टक्के सांगितले जाते. दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड असते. आत व्रणाच्या गाठी झालेल्या असतात आणि पडद्याची कूर्चा पुरेशी उरलेली नसल्यास ती कानातून किंवा बरगडीतून घ्यावी लागते. म्हणूनच तिच्यासाठी किमान एक वर्ष थांबण्याचा सल्ला दिला जातो.

'बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर' या मनोविकारात व्यक्तीला नगण्य किंवा अस्तित्वातच नसलेले व्यंग सतत छळते. अशा व्यक्तीचे शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही समाधान होत नाही. तिला शस्त्रक्रियेऐवजी मानसोपचाराची गरज असते.

शस्त्रक्रियेविना उपाय

सुईने फिलर भरून नाकाचा आकार बदलण्याची पद्धत सोपी म्हणून लोकप्रिय झाली असली, तरी ती निर्धोक नाही. नाकाच्या रक्तवाहिन्या डोळ्याच्या रक्तवाहिन्यांशी जोडलेल्या असतात. फिलर चुकून त्यांत शिरल्यास त्वचा काळी पडून मरते, आणि क्वचित अंधत्व येते. हायल्युरॉनिक आम्लाचा फिलर हायल्युरॉनिडेज या विकराने विरघळवता येतो, परंतु गेलेली दृष्टी बहुधा परत येत नाही.