स्लॅबची वंशावळ

शीवमधल्या एका जुन्या, तळमजला अधिक चार अशा सोसायटीच्या कार्यालयात आम्ही लॅपटॉपवर इमारत लिहून काढत होतो. टेबलावर मंजूर नकाशाची फिकट प्रत, स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल आणि वॉटरप्रूफिंगची बिलं. एकाच न्हाणीघराला नकाशात एक क्रमांक, ऑडिटमध्ये दुसरा आणि बिलात नुसतं ‘कोपऱ्यातलं बाथरूम’.

लिहायचं ते तीन-तीन पदांत: ‘तिसरा मजला – यात खोली आहे – ३०२चं बाथरूम’. माहिती मांडण्याच्या आरडीएफ या मानकाची हीच रीत. प्रत्येक खोलीला, भिंतीला, स्लॅबला कायमची एक ओळख द्यायची आणि तिन्ही कागदांतली नावं त्या एका ओळखीला बांधायची. संबंधांसाठी आम्ही ‘बॉट’ ही शब्दावली घेतली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या लिंक्ड बिल्डिंग डेटा गटाने केलेली ही शब्दावली मुद्दामच आटोपशीर आहे: जागा, इमारत, मजला, खोली, घटक. इमारतींच्या डिजिटल मॉडेलसाठीच्या आयएफसी या मानकावरून बेतलेली ‘आयएफसी-आऊल’ शब्दावली कितीतरी मोठी. जुन्या सोसायटीला ती पेलणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘बॉट’मध्ये ‘च्या वर’ हा संबंध मात्र नाही. तो आम्ही जोडला, कारण गळतीचा सगळा प्रश्न वर-खालचाच असतो.

मग या नोंदींना स्पार्कल या प्रश्नभाषेत विचारलं: ज्या स्लॅबवर दोनदा खर्च झाला आणि तरी ऑडिटमध्ये ओल आहे, असा कोणता? उत्तरात ३०२चं बाथरूम आणि २०२चं स्वयंपाकघर यांमधला स्लॅब आला. वेगवेगळ्या नावांची दोन बिलं त्याच्याच पोटी निघाली. दोन्ही खालून प्लॅस्टर केल्याची. वरच्या लाद्या उखडल्याची नोंद कुठेच नव्हती.

इथे जपून राहावं लागतं. नोंद नाही म्हणजे काम झालंच नाही, असं आऊलचं, म्हणजे या शब्दावल्या ज्या भाषेत लिहितात तिचं, तर्कशास्त्र मानत नाही, आणि ते योग्यच आहे. जुन्या सोसायटीत बिलं गहाळ होतातच. कोणत्या बाथरूमखालच्या स्लॅबची माहिती अपुरी आहे, हे ‘शॅकल’ या नोंदी तपासण्याच्या भाषेतल्या नियमांनी वेगळं तपासायचं. त्या यादीवरून प्लंबरने वर जाऊन लाद्या ठोकून पाहिल्या, तेव्हाच वरून काम झालं नसल्याची खात्री झाली.

मुंबई महापालिका कायद्याच्या कलम ३५३बनुसार ३० वर्षांहून जुन्या इमारतींचं ऑडिट करावंच लागतं. तेव्हा सोसायटीच्या समित्यांना विनंती: अभियंत्याकडून नुसती पीडीएफ घेऊ नका. खोली, घटक, दोष आणि तारीख अशी एक्सेलची यादीही मागा, आणि पुढच्या प्रत्येक बिलावर त्याच यादीतला क्रमांक लिहून घ्या.